नऊ युनिट

"उरलं का?" असं म्हणत काकू हात पुढे करायच्या. पाण्याचा पेला तुमच्या ओठापासून खाली येतो न येतो तोच. पेल्यात चार घोट राहिले असतील तर ते मोरीत जायचे नाहीत, पायरीजवळच्या गोडलिंबाच्या बुडाशी जायचे. पहिल्या वेळी मला रागच आला होता. उन्हातान्हात चाळीस घरं फिरून आलेल्या माणसाच्या हातातून पेला असा कोणी ओढून घेतं का? पुढे सवय झाली. मग मी मुद्दाम थोडं पाणी ठेवायला लागलो.

मी मीटरचं रीडिंग घेणारा माणूस. महिन्यातून एकदा तुमच्या दारात येतो, मोबाइलनं मीटरचा फोटो काढतो आणि चालता होतो. तुम्हाला माझा चेहरा आठवत नाही, त्यात तुमचं काही चुकत नाही. पण आम्हाला तुमचं घर आठवतं. कोणाकडे पाहुणे महिनाभर तळ ठोकून होते, कोणाचा फ्रिज म्हातारा झाला, कोणी परीक्षेच्या नावाखाली रात्रभर टीव्ही पाहिला, सगळं मीटर सांगतं. आम्ही कोणाला सांगत नाही, एवढंच.

वर्ध्याजवळच्या सावंगीच्या मागच्या एका लेआऊटमध्ये माझी लाइन होती. दवाखाना आणि कॉलेज जवळ, म्हणून प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी पोरंपोरी. गिझर, एसी, इस्त्री, चोवीस तास चार्जिंग. त्या मीटरांकडे पाहून डोकं गरगरायचं. आणि या घरांच्या मधोमध काकूंचं दोन खोल्यांचं घर. काकू, काका आणि लग्नाचा मुलगा. महिन्याचे युनिट अठरा, फार झाले तर वीस.

गच्चीवर एक काळी पेटी असायची, काचेच्या झाकणाची. सूर्याच्या उन्हावर अन्न शिजवायची पेटी. कोणीतरी भंगारात काढली होती, ती काकांनी सायकलवर बांधून आणली. सकाळी साडेनऊला त्यात तुरीची डाळ आणि तांदूळ ठेवले की दुपारी वरण-भात तयार. मी एकदा म्हटलं, "काकू, गॅसवर वीस मिनिटांत होते." त्या म्हणाल्या, "मंग उरलेल्या टायमाचं मी काय करू? घाई तुले आहे, वरणाले नाई."

लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी, गोधडी झिजली की पायपुसणं. पायपुसण्याचं पुढे काय व्हायचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. भांडी राखेनं घासायच्या आणि ते पाणी वांग्याच्या झाडांना. काकांची आंजी गावाकडे थोडी जमीन. तिथला भाजीपाला ते सायकलनं बाजारात न्यायचे आणि जो विकला जायचा नाही तो चिरून गच्चीवर वाळायला पडायचा. काका मोठे गमतीचे. मला म्हणायचे, "या घरात सगळ्याचा उपयोग होते भाऊ, एक मीच वाया जाऊन राह्यलो." आतून काकूंचा आवाज यायचा, "तुमचंही पाह्यतो काहीतरी, थांबा."

गल्लीत त्यांना कंजूस म्हणायचे. तुम्हीही मनात तेच म्हणत असाल. मीही म्हणत होतो. एक दिवस समोरच्या घरातल्या भाड्याच्या पोरीला ताप आला, तेव्हा आठ दिवस तिचा दोन वेळचा डबा यांच्याकडून गेला. मी चेष्टेनं म्हटलं, "काकू, आता कसं परवडते?" त्या जरा चिडल्याच. म्हणाल्या, "कंजूस देत नाई रे. मी फेकत नाई. दोन्हीत फरक आहे का नाई?" मी "हाव, आहे" म्हटलं आणि गुपचूप फोटो काढला.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता मुलानं घरी येऊन सांगितलं की टीव्ही रिमोटनं बंद केला तरी थोडी वीज खातो, आणि चार्जर खुपसून ठेवला तरी खातो. तो दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, म्हणून त्याच्या बोलण्याला घरात वजन होतं. झालं! दुसऱ्या दिवसापासून मुलगा कामावर आणि काका शेतात गेले की काकू मीटरखालचा मेन स्विचच खाली ओढायला लागल्या. दिवेलागणीला परत वर. दिवसभर घरात विजेचा टिपूस नाही.

हे मला कोण सांगणार? मी गेलो तेव्हा भर दुपार होती. वीज वापरात असली की मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. तो ठार बंद. आकडे पाहिले, मागच्या महिन्याचे पाहिले, वजाबाकी केली. नऊ युनिट.

काकू गच्चीवर होत्या. खालून एक हाक मारली असती तर खाली आल्या असत्या. मी मारली नाही. खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात आमच्या एजन्सीच्या साहेबानं आम्हा सगळ्यांना उभं करून झापलं होतं. "तुम्हाला चोरीचं एकही संशयित मीटर सापडत नाही? डोळे मिटून फिरता काय?" मोबाइलमध्ये शेरा टाकायला एक रकाना असतो. मी 'संशयित'वर बोट ठेवलं आणि पुढच्या घरी गेलो. एक मिनिटही लागलं नाही.

पंधरा दिवसांनी वीज कंपनीच्या भरारी पथकाची जीप त्यांच्या दाराशी उभी राहिली. हे मला काकांनी पुढे सांगितलं. गल्ली सगळी फाटकात. पथकाच्या साहेबांनी वायर तपासली, गच्चीवर जाऊन खांबापर्यंत पाहिलं, आत येऊन पंखे आणि दिवे मोजले. मग साहेब म्हणाले, "बाई, एवढ्यात घर चालत नाही. खरं काय ते सांगा." काकू म्हणाल्या, "चालते बाप्पा. दिवसभर बसून पाह्यजा. सावली आहे, पाणी आहे." काकांनी मेन स्विचचं सांगितलं. साहेब हसले. त्यांना असली कारणं रोज ऐकावी लागत असतील.

त्यांनी जुन्या मीटरच्या बाजूला दुसरं, चेक मीटर बसवलं. महिनाभर दोन्ही चालणार. जाताना साहेब बजावून गेले, "नेहमी वापरता तसंच वापरा. या महिन्यात एकदम वापर वाढला, तर आधी चोरी होत होती असं समजू."

जीप गेली आणि गल्लीनं निकाल लावून टाकला. तारेवर आकडा टाकून राह्यली होती म्हणे. तरीच! एवढं कमी कोणाचं येते का? रोज सकाळी वांगी न्यायला येणाऱ्या दोघी यायच्या बंद झाल्या. त्या बाईनं आयुष्यात कोणाची काडी उचलली नव्हती, आणि तिच्या पाठीमागे चोर हा शब्द लागला.

त्यात काकूंची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं सासर नाचणगावचं. चेक मीटर लागून आठच दिवस झाले आणि ती तान्ह्या लेकीला घेऊन दवाखान्यातून घरी आली. आमच्या वर्ध्याचा वैशाख तुम्हाला माहीत नसेल तर देव तुम्हाला सुखी ठेवो. दुपारी भिंतीला हात लावून पाहा, काय ते समजेल. अशात दहा दिवसांचं लेकरू. गारवा नाही केला तर लेकराचे हाल, आणि केला तर मीटर पळणार, म्हणजे आपण चोर हे आपणच लिहून दिल्यासारखं.

मुलगा घाबरला. म्हणाला, ताईले नाचणगावले पाठवून देऊ. काकूंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. शेजारच्या घरमालकाला खरंच दया आली असावी. तो भिंतीवरून म्हणाला, "काकू, माझ्याकडून एक वायर टाकून देतो, महिन्याचा तर प्रश्न आहे." काकू म्हणाल्या, "म्हणजे आतापर्यंत नाई केली ते आता करू?"

त्या महिन्याचं रीडिंग घ्यायला मी गेलो, तेव्हा जे पाहिलं ते सांगतो. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात वाळ्याचा ओला पडदा, त्याच्यामागे एक टेबलफॅन, आणि आत माय-लेक गाढ झोपलेल्या. घरात चालू तेवढंच. टीव्हीवर फडकं झाकलेलं. मिक्सर फडताळात गेला होता आणि काकू घामानं निथळत पाट्यावर चटणी वाटत होत्या. साठीच्या पुढची बाई. काका कडूनिंबाखाली डोक्यावर ओला दुपट्टा टाकून बसलेले. मला पाहून म्हणाले, "ये भाऊ. आमच्या घरचा एसी पाह्य."

मुलगा मोबाइल दवाखान्यात चार्ज करून आणत होता. तेही काकूंनी बंद केलं. "ते करंट काय आपल्या बापाचं आहे? आपल्यावर आळ आहे म्हणून दुसऱ्याच्या घरचं जाळाचं?" तो बिचारा महिनाभर अर्ध्या दिवसातच बंद पडणारा फोन घेऊन हिंडला.

बारशाचं मी विचारलं. काकू पाटा-वरवंटा तसाच ठेवून म्हणाल्या, "पहिले कागद येऊ दे, मंग पाळणा. चोराच्या घरी कोण येईन रे बारशाले?"

मी फोटो काढला. सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. नाही सांगितलं. पाणी प्यालो, पेला त्यांच्या हातात दिला आणि निघालो. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

महिना भरला. दोन्ही मीटरांचे आकडे जुळले. युनिट सोळा. नऊवर वाढले ते टेबलफॅनचे, आणि तरी नेहमीच्या अठरा-वीसपेक्षा कमीच. कागद आला की काही गैर आढळलं नाही. माफीबिफी कोणी मागितली नाही, त्या कागदात तसा रकाना नसतो.

बारशाला काकूंनी मलाही बोलावलं. गल्लीतल्या बहुतेक बाया आल्या. आल्या त्या खऱ्या कौतुकानं आल्या की काय होतं ते पाहायला, मला सांगता येणार नाही. पाळण्याआधी काकूंनी मुलाला उभं केलं आणि म्हणाल्या, "वाच." त्यानं तो सरकारी कागद बारशाच्या बायांसमोर खालवर पाहत वाचला, जावक क्रमांकासकट. कोणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "आता म्हणा पाळणा."

जाताना त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला. फाटकाशी कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काकू, तो शेरा मी टाकला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दर महिन्याले फोटो तूच काढते. दुसरं कोण टाकीन?"

"मंग तुम्ही काही बोलल्या काऊन नाई?"

"बोलून तुझी नोकरी गेली असती. त्यात माझा काय फायदा?" मग म्हणाल्या, "पण एकदा विचारायचं होतं नं रे. चार वर्षं पाणी पेऊन राह्यला माझ्या हातचं. एक हाक मारली असती तर काय जीभ झडली असती?"

लाडू हातातच राहिला.

पुढच्या महिन्यात गेलो तर मीटरच्या वर एक बल्ब लागलेला. सकाळचे अकरा वाजलेले, अंगणात लख्ख ऊन, आणि बल्ब चालू. मी म्हटलं, "काकू, चालू राह्यला वाटते."

"राह्यला नाई, ठेवला." त्या मीटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो लाल दिवा लुकलुकून राह्यला नं? तुझ्या फोटोत आला पाहिजे. कागद वाचला तरी लोक म्हणतात, कागद काय, मिळवता येते. आता कोणाले शंका यायले नको."

रागानं नाही बोलल्या. राग असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर जिनं उरलेलं पाणी फेकलं नाही, ती बाई दिवसाढवळ्या वीज जाळत होती, आणि माझ्यासाठी जाळत होती. मेन स्विच पुन्हा कधी खाली आला नाही. मी दर महिन्याला फोटो काढत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. चार दिवसांचं दुखणं, फारसा त्रास दिला नाही कोणाला. मी तेरवीला गेलो. पंगत उठत होती. मुलगा मला घेऊन मीटरजवळ उभा राहिला, वर बल्ब चालूच होता.

"याचं काय करावं भाऊ?" तो म्हणाला. "तुम्ही लाइनचे माणूस. आई म्हणे बटण बिघडलं आहे, हात नोको लावू, करंट मारते. दोनदा नवं बटण आणून देलं मी, तिनं बसवू नाई देलं."

मी त्याला सांगितलं. नऊ युनिटचं, शेऱ्याचं, बारशाच्या दिवशी फाटकाशी झालेल्या बोलण्याचं, बल्बचं. काही ठेवलं नाही. तो ऐकत होता आणि मी खाली पाहून बोलत होतो. तो हात उगारेल असं वाटलं, उगारला असता तर मी तो धरला नसता.

"तिले माहीत होतं, तुम्ही होते म्हणून?"

"हाव."

"अन् आम्हाले नाई सांगितलं."

"नाई."

त्यानं वर बल्बकडे पाहिलं. मग म्हणाला, "जेवून जाजो." आणि हात वर करून त्यानं बटण दाबलं. बल्ब लगेच विझला. बटणाला काहीही झालेलं नव्हतं.