कोरडी झाडलेली ढोली

देवाशी माझं कधी जमलं नाही. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर गणपती आहे. त्याच्याकडे जायची ती माझी बायको, भागरता. मी बाहेर चपलांजवळ बिडी ओढत बसायचो. शाळा माझी तिसरीपर्यंत, लिहिण्यात चुका होतील. पण झालं ते पोटात ठेवून मला मरायचं नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मळणी उरकली होती आणि नवं धान भरायच्या आधी ढोली साफ करायची होती. बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, माणूस आत उतरेल एवढी ढोली. तळाशी जुना कोंडा आणि उंदरांच्या लेंड्या साचलेल्या. भागरता कधी उंदरांना औषध ठेवू द्यायची नाही, गणपतीचं वाहन म्हणायची. त्या दिवशी ती पाण्याचा गुंड घेऊन आली. म्हणाली, "आधी पाणी शिंपून घेऊ, धूळ लय उडते." मी खेकसलो, "येडी का तू? ओल राहिली तं धान काळं पडन. सुकंच झाड." "तुमचंच खरं," ती म्हणाली, गुंड खाली ठेवला आणि आत उतरली. मी वरून टोपल्या ओढल्या. धूळ दोघांच्या नाकात गेली, तिच्या जास्त.

तीन आठवड्यांनी दोघंही तापानं पडलो. कंबर मोडल्यासारखी, डोळे लाल, मग लघवी बंद. लेकानं मोठ्या दवाखान्यात नेलं. भागरता पाचव्या दिवशी गेली. मी पलीकडच्या वार्डात रक्त धुवायच्या मशीनला जोडलेला होतो. तिच्या चितेला लाकडं देताना मी नव्हतो.

मग तपासणीचा कागद आला. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची. तिनं रोगाचं नाव हंटा सांगितलं. उंदराच्या मुताची, लेंड्यांची सुकी धूळ नाकात गेली की होतो, जागा नेहमी ओली करूनच झाडावी, असं तिनं समजावलं. तिला काय माहीत ती कोणाला काय सांगत होती! पुढचं मी अर्धवटच ऐकलं. रक्ताच्या बारीक नळ्या पाझरतात, किडनी बसते, यावर पक्कं औषध नाही. पण नव्या नळ्या वाढवणारा एक पदार्थ शरीर स्वतःच रक्तात सोडतं. आधी तोच नळ्या सैल करतो आणि पुढं तोच त्या सांधायला लागतो. तोवर मशीननं वेळ काढायचा. मी विचारलं, "माह्या बुढीच्या अंगात नव्हता का तो?" ती म्हणाली, "होता, बाबा. वेळ पुरला नाही."

त्या दिवसापासून मी जेवण सोडलं. जन्मात पहिल्यांदा हात जोडले ते मरण मागायला. गणपतीला म्हटलं, तिनं तुझा उंदीर सांभाळला, तू तिला नेलंस. आता मलाही ने. मशीनला जाणार नाही असं लेकाला सांगून टाकलं. तो पाया पडला, रडला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

वार्डात पंचफुला नावाची आसगावकडची बाई होती. झाडझूड करायची, आमचं मूत मापाच्या भांड्यात मोजायची. माझं भांडं रोज कोरडं. "बाबाजी, आज तरी काही द्या," ती म्हणायची, "का घरी नेऊन ठेवता?" मी शिवी द्यायचो. एका सकाळी ती माझ्या खाटेशी आली. मगातलं पाणी हातानं शिंपडलं, थोडी थांबली आणि मग झाडू फिरवला. ती ओली फरशी पाहून मला रडू फुटलं. भागरता गेली तेव्हाही आलं नव्हतं.

"काहून रडून राहिले?"

"सुकं काहून नाही झाडत तू?"

"सुकं झाडलं तं धूळ तुमच्याच नाकात जाईन नं!"

मग मी तिला सगळं सांगितलं. झाडू टेकवून तिनं ऐकलं. म्हणाली, "तुमाले ठावं होतं का?"

"नाही."

"मंग? मराचं तं मरा, पण मशीनवर जाऊन मरा. त्या पोराले आई-बाप दोनी एका महिन्यात कायले मारता?"

मी मशीनला गेलो. दुसऱ्या दिवशी भांड्यात चार बोटं लघवी होती. पंचफुला भांडं हातात धरून वार्डभर ओरडली, "बुढ्यानं देल्ली!" पुढं तर भांडी पुरेनात.

गणपतीला मी मरण मागितलं, त्यानं मूत दिलं. हा चमत्कार का शरीराचा धर्म, मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की धानाच्या बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, खेकडा बीळ पाडतो तेव्हा त्यानं उकरून टाकलेली मातीच आम्ही त्या बिळात कोंबतो. माझ्या आत कोणीतरी तसंच काम करत होतं. मी तर मेल्यासारखा पडलो होतो. ते काम तिच्यात पुरं का झालं नाही, हे आता विचारत नाही. उत्तर मिळालं तरी घर रिकामंच राहील. ज्याच्या हाती ते काम आहे त्याच्या हाती सोडलं. त्या बाईच्या रूपानं कोणी आलं असेल तर त्याला हात जोडतो, कोणी आलं नसेल तर त्या बाईला जोडतो.

ढोली मोडून टाकली. रोज सकाळी पाळीवरच्या गणपतीपुढचा ओटा झाडतो. बाया हसतात. भागरता म्हणाली होती तसंच करतो. आधी पाणी, मग झाडू.