सुशीलाबाईंचा चिमटे घेणारा कॉम्प्युटर

केबलचं एक टोक माझ्या कॉम्प्युटरला लावून झालं होतं. दुसरं सुशीलाबाईंच्या कॉम्प्युटरमागे लावणार, एवढ्यात त्या ओरडल्या, "मॅडम, थांबा! पयले चपला घाला!"

सक्करदऱ्यातलं त्यांचं घर. त्यांच्या दिवंगत यजमानांची भीमगीतं फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होती. दसऱ्याला पुस्तक काढायचं ठरलं, तर फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला आणि यूएसबीचा पत्ताच नाही. जुनी मशीन दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, म्हणून मला बोलावलं. मी माझा तितकाच म्हातारा कॉम्प्युटर ऑटोत घालून आणला. दोघांना सिरीयल केबलने जोडायचं होतं. या केबलच्या आत तारा उलटसुलट जोडलेल्या असतात, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं.

"चपला कशाला?" मी विचारलं.

"चिमटे घेते ना तो! आमच्या घरी सारे चपला घालूनच बसतात. हे तर पाटावर पाय ठेवून टाइप करत."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"पयलेपासून तसाच आहे. त्यात काय सांगाचं?"

कॉम्प्युटरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला. प्लग काढून पाहिला, तर तिसरी, जाडी पिन गायब. बोर्डात जात नव्हती म्हणून यजमानांनी करवतीने कापली होती! ती पिन अर्थिंगची, पत्र्यावर आलेली वीज जमिनीत सोडणारी. तशीच केबल लावली असती, तर दोन्हीकडचे पोर्ट जळू शकले असते. गाणी आतच राहिली असती.

अर्थिंग फक्त फ्रिजच्या बोर्डाला होतं. मग आमचा कारखाना स्वयंपाकघरात हलला. नवा प्लग बसवला, दोन्ही मशीन एकाच बोर्डावर घेतली. टेस्टरचा दिवा लागला नाही. दोन्ही बंद करून केबल जोडली आणि मगच स्विच दाबले.

डॉस या जुन्या प्रणालीतून फाइली मुंगीच्या चालीने येऊ लागल्या. मी एकेक उघडून दाखवत होते. पहिली ओळ दिसली की सुशीलाबाई टाळी वाजवून अख्खं गाणं म्हणत. मला इतका आनंद पगाराच्या नोकरीत क्वचितच झाला असेल.

शेवटच्या फाइलपाशी मात्र त्या थांबल्या.

"हे कोणतं वं बाई?"

'सुशीला गाते तेव्हा सारी मंडळी चूप' अशी सुरुवात होती.

"मले तर जन्मभर म्हणे, तू बेसूर गाते! अन् इथं हे लिहून ठेवलं?" त्या डोळे पुसत खदखदून हसल्या. मग स्वतःच चाल लावून गायल्या. मी चूप बसले.

फाइल सेव्ह केली की काम झालं, असं लोकांना वाटतं. जिच्यासाठी लिहिली, तिला ती पाठवावीही लागते.