गोठलेली नदी

लेकीचं सासर रशियात, तातार लोकांच्या मुलखात, एका लहान शहरात आहे. तिच्या खिडकीतून मशिदीचा मनोरा दिसतो, शेजारी चर्चचा घुमट आणि खाली गोठलेली नदी. सकाळी लेक त्या नदीवरून चालतच कामाला निघाली.

"अगं, बर्फ फुटला म्हणजे?"

"आई, ट्रक जातात त्यावरून. तू आपली चहा घे."

विहीणबाई मला हसल्या. आपल्यासारखाच दुधाचा चहा त्यांनी पुढे केला, पण मी कप घेऊन खिडकीशीच उभी राहिले. पाण्याचा रस्ता झाला, हे पहिल्यांदा कुणी पाय टाकून बघितलं असेल?

लेक पलीकडे पोचेपर्यंत विहीणबाईही खिडकीतून हलल्या नाहीत. ओठ पुटपुटत होते. त्यांचा तर जन्म इथे गेला. मग ही नदी भरवशाची आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही.