मॅडमचं गप्प बसणं

अमरावतीला पीएचडी करताना माझ्या गाइड मॅडमनी मला सर्वांत आधी शिकवलं ते गप्प बसणं. आमच्या भागात गुणात्मक संशोधन त्यांनीच सुरू केलं. "आकडे कुठे आहेत? ह्या तर नुसत्या गप्पा," असं लोक हसायचे, तेव्हा त्या कुठल्यातरी खेड्यात बायांसोबत शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. "हो की नाही असं विचारू नको. दिवस कसा जातो ते विचार. आणि मग थांब," त्या म्हणायच्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मॅडम आता नाहीत. त्यांनी मला काय दिलं, ते या हिवाळ्यात कळलं.

बाबा गेल्यावर आई हिवरखेडला एकटी पडली. तिनं माझ्याकडे अकोल्याला यावं की तिथंच राहावं, एवढं ठरायचं होतं. पुण्याहून भाऊ फोनवर विचारायचा, "ताईकडे जातं का नाही? एक काय ते सांग." आई म्हणायची, "तुमी म्हनान तसं." तिचा जीव वावरात, बाबांच्या शेतात अडकलाय, असं आम्हा दोघांनाही वाटायचं.

एका दुपारी ती अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसले, थोड्या शेंगा पुढ्यात ओढल्या.

"आई, सकाळपासून तुझा दिवस कसा जाते?"

"कावून वं? कालेजात असंच पुसतेत काय?" ती हसली.

मी गप्प राहिले. हिरवे दाणे टोपलीत पडत होते. कुंपणापलीकडचा झेंडू उन्हात तरंगल्यासारखा दिसत होता. मॅडम आमच्या दोघींच्या मधोमध बसल्यात, असंच वाटत राहिलं. किती वेळ गेला कोण जाणे.

"पाहाटे फुलं तोडाले बाया जातेत," आई म्हणाली. "आवाज देतेत, 'काकू, चालता काय?' कधी जातो, कधी नाही जात. पन आवाज देतेत." बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाली, "वावराचं काही नाही वं. वावर बटईनं देता येते, अर्धं पीक त्याले, अर्धं आपल्याले. तुह्या फ्लॅटात मले आवाज कोन देईन?"

'मी देईन ना!' अगदी ओठांवर आलं होतं. पण मॅडम थांबल्या असत्या. मीही थांबले.

आईनं ओंजळभर शेंगा माझ्या मांडीवर टाकल्या.

"येतो मी. पन पाहुनी नको करू मले. काम सांगत जाय."

आता अकोल्यात रोज सकाळी मी स्वयंपाकघरातून हाक मारते, "आई, येतं काय भाजी निवडाले?" कधी येते. कधी "आज नाही" म्हणते आणि खिडकीतल्या उन्हात बसून राहते.