ओळखीचा चोर

सोमवार, सकाळी साडेनऊची मीटिंग. साकीनाक्याची आमची पॅथॉलॉजी लॅब. हजर: डॉक्टर, म्हणजे मालक; टेक्निशियन सुजाता; आणि मी, कामाच्या याद्या ठेवणारी. आमचे जुने टेक्निशियन, काका, गैरहजर. त्यांना बोलावलंच नव्हतं. विषय मात्र त्यांचाच होता.

तुमच्याही कामाच्या जागी असा एक माणूस असेल, ज्याचं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं. काकांचं हे: "पोलिसाक आधी वळखीचो चोर दाखव गो. वळखल्यान, तर ड्युटीर."

पोलीस म्हणजे आमची तपासणीची पट्टी. काही जंतू अँटिबायोटिकचाच फडशा पाडणारं एन्झाइम बनवतात. पट्टीवरची अँटिबॉडी ते पकडते आणि लाल रेघ उमटते. रेघ नाही, तर पेशंटचे डॉक्टर तेच औषध चालू ठेवतात. चोर म्हणजे हे एन्झाइम नक्की बनवणारा, माहितीतला जंतू. काकांनी तो डीप फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं जपला होता. पट्ट्यांचा नवा डबा आला की आधी एका पट्टीवर चोर, रेघ आली तर पेशंट. मालवणचा माणूस, पापलेटही कल्ले उघडून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

सुजाता चिडवायची, काका, मुलगी बघायला जाताना पण चोर नेला होता का? काका हसायचे. "तिनाच माका पारखून घेतल्यान."

काका निवृत्त झाले. निरोपाचे सामोसे संपायच्या आत डॉक्टर म्हणाले, आता प्रत्येक डब्यातली एक पट्टी फुकट घालवायची नाही. पुढच्या आठवड्यात फ्रीजरही गेला. चोर ऑटोक्लेव्हच्या जंतुनाशक वाफेत उकडून निघाला. काकांना कुणी कळवलं नाही.

मे महिन्यात काकू घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये दाखल झाल्या. रक्तात जंतू. तिथले डॉक्टर नमुना त्यांच्या नेहमीच्या लॅबला पाठवत होते. काका अडून बसले. म्हणाले, माझ्या जुन्या लॅबलाच पाठवा, तिथे डबा पारखलेला असतो.

रेघ आली नाही. तेच औषध चालू राहिलं. दुसऱ्या लॅबला एन्झाइम सापडलं, तोवर काकू शुद्धीवर नव्हत्या. मग कळलं, आमचा पट्ट्यांचा डबा येतानाच कुरिअरच्या टेम्पोत उन्हात भाजून निकामी झाला होता.

तेराव्यानंतर काका आले. चपला बाहेर काढून, पूर्वीसारखे. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली, आपल्या हातात काही नसतं वगैरे म्हणाले. काका सुजाताकडे बघत होते.

"डब्याक चोर दाखयलंस?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे. डॉक्टर मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले. काका उठून फ्रीजरच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे आता पेशंटसाठी सोफा आहे. त्यावर ते बसले नाहीत. चपला घातल्या आणि गेले.

आज डॉक्टरांनी जाहीर केलं, यापुढे प्रत्येक डबा आधी तपासायचा. नवा डबा समोर टेबलावरच होता, सीलबंद.

सुजाताने विचारलं, "चोर कुठून आणायचा, सर?"

"काकांना फोन करा ना. त्यांना माहीत असेल."

फोन कोण करणार, ते ठरलं नाही. यादीत मी लिहिलंय: चोर मिळवणे. बाकी.