शेवंतीचा पाय

आमच्या घरात नवस फेडायला आजवर नारळ, कोंबडा आणि मी असे तिघे वापरले गेले आहेत.

त्यातला माझा प्रसंग संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतला. आज हरताळ, उद्या मोर्चा, त्यामुळे गिरणी वरचेवर बंद आणि आबा घरी. आबा म्हणजे माझे वडील. सारा जन्म गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेला मालवणी माणूस. रिकामं बसले की ते आजाऱ्यांच्या समाचाराला निघत. लालबागेतली आमच्या गावची आजारी माणसं संपली (म्हणजे बरी झाली), तेव्हा आबा परळच्या जनावरांच्या इस्पितळात शिरले. तिथे एक बेवारस कुत्री होती. गाडीखाली सापडून मागचा पाय मोडलेली, अंगावरचे केस जागोजाग गेलेली. आबा तिला रोज भेटू लागले आणि घरी येऊन अशा काळजीने बोलू लागले की आमच्या आयेला वाटलं, नात्यातलीच कुणी बाई आहे.

"पेज धाडू काय तिका?" आयेने विचारलं.

"धाड. जेवता, पण उभी काय रवणा नाय," आबा म्हणाले.

आयेने आठवडाभर पेज धाडली, वर सुक्या बोंबलाचा तुकडा. पेज कोण पितंय ते कळल्यावर ती आबांशी बोलायची थांबली. पेज मात्र थांबली नाही.

एके दिवशी आबा उतरल्या चेहऱ्याने परतले. प्लास्टर निघालं होतं, हाड जुळलं होतं, पण कुत्री जमिनीला पोट लावून पडूनच होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पाय ठणठणीत आहे, तिची उमेद गेलीय. उभी न राहणारी कुत्री कुणी घरी नेत नाही, आणि आमच्याकडे जागा नाही. पुढचं मला बोलायला लावू नका."

आमच्याकडे काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने नारळ ठेवून देवाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा 'व्हय' म्हटलं की शब्द बांधला गेला. 'व्हय' म्हणायला आबांनी चाळीतली चार माणसं गोळा केली. मोर्चात घोषणा देऊन त्यांचे घसे बसले होते, म्हणून ताज्या आवाजासाठी मला नेलं. मी सरकारी कचेरीतला कारकून, स्वतःला सुधारक समजणारा. शिवाय रस्त्यात कुत्रं दिसलं की शीव कोळीवाड्यावरून वळसा घालून लालबागेत पोचणारा.

डॉक्टर हाताची घडी घालून बघत होते. आबांनी कुत्रीपुढे नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या लेकराची इडापिडा दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"हिका चार पायांवर उभी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"उभी रवली, तर माझो थोरलो झील हिका पाठची भैण म्हणान घराक नेतलो, सकाळ-सांज फिरवतलो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडलं. आबांचा थोरला झील म्हणजे मीच, हे मला तोंड मिटल्यावर कळलं.

आणि ती उभी राहिली. आधी पुढचे पाय, मग मागचा चांगला पाय. मोडलेला पाय तिने कापत कापत पुढे घेतला, फरशी जणू तापली असावी अशा भीतीने टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला आणि ठेवला. डॉक्टरांच्या हाताची घडी सुटली होती. मी हात जोडले. देवाला की कुत्रीला, ते अजून ठरलेलं नाही.

"दचकून उठली असेल," डॉक्टर म्हणाले, पण हळू आवाजात. "घेऊन जा. महिन्याभराने दाखवा. नीट चालायला लागली नसेल, तर कुठेतरी जागा करून मी परत ठेवून घेईन."

आयेने तिचं नाव शेवंती ठेवलं. चाळीत शेवंती 'भैण' म्हणूनच ओळखली जाऊ लागली, त्यामुळे तिला हाकलायची सोयच उरली नाही. सकाळ-संध्याकाळ मी दोरीच्या अगदी टोकाला आणि शेवंती दुसऱ्या टोकाला, अशी आमची वरात भायखळ्याच्या दिशेने निघे. पहिले काही दिवस मला मनातून वाटे, डॉक्टरांनी परत ठेवून घेतली तर बरं. पण ती रोज थोडं पुढे जाई. दमली की थांबे, माझ्याकडे बघे आणि पुन्हा निघे. एका संध्याकाळी ती आमचा जिना अख्खा चढली आणि वर पोचून माझी वाट बघत बसली. मी खालच्या पायरीवर उभा राहून रडलो. घाबरणं तेव्हाच कधीतरी सुटलं असावं.

महिना भरला तसं तिला दाखवायला नेणं मला नको वाटू लागलं. तिच्या दुखऱ्या पायाला त्रास नको म्हणून मी पाऊल मोजून टाकत असे, तरी ती काही झपाझप चालत नव्हती. रात्री आबांना म्हटलं, "ठेवून घेतली तर?"

"तू नीट चाल म्हंजे झाला," आबा म्हणाले. मला ते लागलं.

इस्पितळाच्या अंगणात आबा कडेला उभे राहिले आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. पुन्हा चालवलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "लंगडतंय."

मी दोरी घट्ट धरली. "डॉक्टर, अजून थोडे दिवस द्या. मी कचेरीतून रजा घेतो, तिला..."

"कुत्री नाही हो. तुम्ही."

त्यांनी दोरी आबांच्या हातात दिली. आबा गिरणीचा भोंगा वाजल्यासारखे सुटले आणि शेवंती शेपूट वर करून त्यांच्या पुढे धावली. चारही पाय सारखे पडत होते. महिनाभर तिच्या चालीला चाल जुळवता जुळवता लंगडायची सवय मला लागली होती, आणि ती बिचारी केव्हाच बरी होऊन, या अधू माणसाला सोडून कसं जायचं, म्हणून हळू चालत होती.

शेवंती अंगणाला फेरी मारून परतली, माझ्या पायाशी उभी राहिली आणि मी निघतो का ते बघू लागली.

"ही ठणठणीत आहे," डॉक्टर आबांना म्हणाले. "पण तुमच्याकडेच राहू द्या. ह्यांना फिरवायला कुणीतरी पाहिजे."