बंद पडलेल्या प्रकल्पांच्या बाई

संशोधनाचा पैसा बंद झाला की जगात इतरत्र माणूस आपल्या घरी जातो. कोल्हापुरात तो राजारामपुरीत आमच्या बाईंच्या घरी जातो. बाई म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाईड. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. एचआयव्हीवर काम करणाऱ्या कुणाचाही प्रकल्प बंद पडला, की ती बातमी बाईंना त्याच्या बायकोच्या आधी कळते आणि लगेच फोन येतो, "ये की. जेवायलाच ये." बाई जैन, सूर्य मावळायच्या आत ताटावरून उठणाऱ्या. त्यामुळे त्यांच्याकडे दुःखही उजेडातच आटोपावं लागतं. आमच्या अभ्यासाची परदेशी मदत थांबल्याची ईमेल आली त्या दुपारी मी डोळे सुजवून गेले, तर बाईंनी घड्याळ बघून सांगितलं, "सहाला मी जेवतो. तवर काय रडायचं ते रडून घे." मी पावणेसहालाच थांबले.

"निधी बंद झाला" असं बाई कधी म्हणत नाहीत. "पाण्याची पाळी चुकलीया, शेत न्हाय मेलं," एवढंच. मग कागद काढतात. शिफारसपत्र त्या हातानं लिहितात, आणि उमेदवाराच्या प्रबंधापेक्षा ते वाचायला बरं असतं. एका फेलोशिपसाठी लिहिलेल्या माझ्या पत्रात होतं, 'ही मुलगी खोटं बोलत नाही. आकड्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. स्वयंपाक मात्र हिच्यावर सोपवू नये.' ते शेवटचं वाक्य काढा म्हणून मी हातापाया पडले, तर म्हणाल्या, "ते काढलं तर आधीच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

बाईंचा खरा जुलूम म्हणजे मुलाखतीची रंगीत तालीम. ती त्या गल्लीतल्या महिला मंडळासमोर करायला लावतात. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या कुटुंबांतल्या, एचआयव्ही असलेल्या बायका गोळ्या मध्येच का सोडतात, हा माझा विषय. मी पहिल्याच वाक्यात आजाराचं नाव घेतलं, तशा दोघी पोह्यांची बशी खाली ठेवून एकमेकींकडे बघायला लागल्या. मी नेटानं आलेख दाखवले, कारणांची वर्गवारी सांगितली. शेवटी कोपऱ्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "पोरी, गोळ्यांची बाटली वाजती न्हवं? सासू इचारणार की, कशाच्या गोळ्या हाईत म्हणून." वर्षभर मी प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले होते, बाटलीच्या आवाजाचा प्रश्न तिच्यात नव्हता. मावशी आपल्याच विद्यार्थिनी असाव्यात, अशा अभिमानानं बाई त्यांच्याकडे बघत होत्या.

फेलोशिपच्या मुलाखतीत मी त्या आवाजाबद्दल बोलले. समितीनं कौतुक केलं, निवड केली आणि पंधरवड्यात कळवलं की त्यांचाही निधी आटला आहे, यंदा फेलोशिप कुणालाच नाही. मग मी बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवू लागले. पोरं हुशार आहेत, तक्रार करावी असं काही नाही. हे सांगायला मात्र मी महिनाभर बाईंकडे फिरकले नाही. गेले तेव्हा त्यांनी ताट वाढलं.

परवा त्यांच्याकडे मलकापूरचे एक पाहुणे आले होते, नात्यातलेच. बाईंनी ओळख करून दिली, "या आमच्या एचआयव्हीच्या संशोधक. सध्या जरा शिकवायला जात्यात." मी दुरुस्त करणार होते, तेवढ्यात पाहुण्यांनी विचारलं, "संशोधन कसलं म्हणायचं?" बाईंनीच सांगायला सुरुवात केली. इचलकरंजीच्या कुठल्या भागात किती घरं झाली, कोण काय म्हणालं, कुठं माझा अंदाज चुकला, सगळं क्रमानं, माझ्याच शब्दांत. माझं काम कुणाला तरी पाठ आहे याचा मला आनंद झाला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्यातलं निम्म्याहून अधिक मी विसरले होते.